झोप पाहून अंथरूण पसरावं

निद्रानाशावर उपचार घ्यायला आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांची पहिल्या भेटीत मागणी एकच असते: झोप वाढवून द्या. आठवड्याभराने ते दुसऱ्यांदा येतात आणि जो कागद घेऊन घरी जातात त्यावर लिहिलेलं असतं, रात्री साडेबाराच्या आधी गादीला पाठ टेकायची नाही. तेव्हा चेहरा पाहण्यासारखा होतो. दहाला आडवं होऊन रात्रीचे तीन-तीन तास जो पंख्याची पाती मोजत काढतो, त्याला आणखी अडीच तास जागं ठेवायचं, यात उपचार तो कसला?

आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री बिघडतात आणि असं तीन महिने किंवा त्याहून अधिक चालतं, तेव्हा त्याला जुना निद्रानाश म्हणतात. तोवर मूळ कारण बऱ्याचदा मागे पडलेलं असतं. परीक्षा संपलेली असते, ऑपरेशन होऊन गेलेलं असतं, कर्जाचे हप्ते अंगवळणी पडलेले असतात. मागे उरते झोप भरून काढायची धडपड. नऊलाच आडवं व्हायचं, सकाळी जाग आली तरी आठपर्यंत लोळायचं, दुपारी तासभर ताणून द्यायची, रविवारी सगळ्या आठवड्याची थकबाकी वसूल करायची. निद्रानाशाला खतपाणी मिळतं ते यातून. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेला उपाय म्हणून सरळ होता: अंथरुणातला वेळच कापा. त्याआधी १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी दुसरा धागा दिला होता. गादी आणि तळमळ यांची डोक्यात पक्की जोडी जमलेली असते, ती तोडायची. या दोहोंत विचारांवरचं आणि अंग सैल सोडण्याचं काम मिळवलं की होते सीबीटी-आय (निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), सहा ते आठ आठवड्यांची उपचारपद्धत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये गोळ्यांच्या आधी हीच द्यावी असं सांगितलं.

आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरतात. इथे झोप पाहून अंथरूण पसरायचं, एवढाच फरक.

हे सगळ्यांना चालत नाही, आणि ते आधी पाहावं लागतं. फिट येणाऱ्यांना, बायपोलरचा आजार असलेल्यांना आणि झोपेत चालणाऱ्यांना झोप कापणं धोक्याचं ठरू शकतं. एसटी, ट्रक, रिक्षा चालवणारे, प्रेस मशीनवर किंवा उंचावर काम करणारे यांचीही गत तीच, कारण पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येणार हे नक्की. गरोदरपणात आम्ही वेळ कापत नाही. शिवाय दोन प्रश्न नेहमी विचारतो, आणि त्यातला पहिला रुग्णाला विचारून उपयोग नसतो, शेजारी झोपणाऱ्याला विचारावा लागतो: घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो का, आणि मग एकदम गुदमरल्यासारखं होऊन जाग येते का? उत्तर हो असेल तर आधी स्लीप ॲप्नियाची तपासणी. दुसरा प्रश्न पायांचा. रात्री आडवं झालं की पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं, पाय हलवले की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, घरातल्या कुणाला तरी पाय चेपायला सांगावंसं वाटतं, असं असेल तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तपासायचं. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं, आणि पायांच्या या त्रासात ते ७५ च्या खाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. अशा माणसाला झोपेचं वेळापत्रक देऊन काही होत नाही. पहाटे तीन-चारला जाग, मनावर मळभ आणि जगण्यातच रस नाही, असं चित्र असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. झोपेचं नंतर बघता येतं.

पहिला आठवडा नुसता वही लिहिण्याचा. सकाळी उठल्यावर, चहा होईपर्यंत, सात गोष्टी: अंथरुणात किती वाजता गेलो, दिवा किती वाजता मालवला, झोप लागायला साधारण किती वेळ लागला, मध्ये किती वेळा जाग आली, त्यात एकूण किती वेळ गेला, शेवटची जाग कधी, आणि गादीवरून प्रत्यक्ष उठलो कधी. शेवटच्या दोन वेळांत पाऊण-एक तासाचं अंतर निघालं की खूप जण स्वतःच चकित होतात. सगळं अंदाजाने लिहायचं. रात्री घड्याळ बघून लिहिलं तर वही बिनचूक होते आणि झोपेचं खोबरं होतं, म्हणून भिंतीवरचं घड्याळ उतरवायचं आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा. गजराला साधं घड्याळ आणावं, तोंड भिंतीकडे करून ठेवावं. झोप मोजणाऱ्या मनगटी घड्याळातले आकडे आम्ही घेत नाही. तुम्ही झोपलात की जागे होता हे ते बऱ्यापैकी सांगतं, पण अंधारात निश्चल पडून जागा असलेला माणूसही त्याला झोपलेला वाटू शकतो. आणि सकाळी स्कोअर ६१ दिसला की एरवी बरा गेला असता तो दिवसही वाईट जातो.

मग हिशोब. समजा एखादी व्यक्ती रात्री १० ला पडते आणि सकाळी ६:३० ला उठते. अंथरुणातला वेळ साडेआठ तास, म्हणजे ५१० मिनिटं. सात दिवसांची सरासरी झोप निघाली ५ तास २० मिनिटं, म्हणजे ३२०. भागाकार करून शंभराने गुणलं की ६३ टक्के. याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात. चांगल्या झोपणाऱ्याची ८५ च्या वर असते. उरलेली १९० मिनिटं, तीन तासांहून जास्त वेळ, रोज गादीवर जागरणाचा सराव चाललेला आहे. आता जवळपास सरासरी झोपेइतकाच वेळ द्यायचा: साडेपाच तास. आधी उठायची वेळ पक्की करायची, ऑफिस, शाळेची बस, पाणी येण्याची वेळ बघून. समजा सकाळी सहा. तिथून मागे मोजलं की झोपायची वेळ येते १२:३०. ही झाली झोपेची खिडकी. सरासरी चारच तास निघाली तरी खिडकी पाच तासांच्या खाली नेत नाही.

उठायची वेळ आधी ठरवण्यामागे कारण आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि त्याबरोबर झोपेचा दाब वाढतो. झोपेत तो उतरतो. दुसरीकडे शरीराचं चोवीस तासांचं घड्याळ असतं आणि ते रोज सकाळच्या उजेडाने लावलं जातं. सहाला उठून गच्चीत, गॅलरीत, निदान खिडकीशी वीस-तीस मिनिटं काढली तर दोन्ही गोष्टी एका रेषेत येतात. रविवारी नऊला उठलात तर रविवारी रात्री साडेबाराला झोपेचा दाब तीन तासांनी कमी भरणार, आणि सोमवारी सकाळी फोन येणार की हे काही जमत नाही.

दुसरा आठवडा, म्हणजे खिडकीचा पहिला, सर्वांत अवघड जातो. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी डोळे चुरचुरतात, चिडचिड होते, भाजीत मीठ दोनदा पडतं. सोडून देणारे बहुतेक जण सोडतात ते याच तीन दिवसांत. घसरण्याची जागासुद्धा ठरलेली: रात्री साडेनऊ, जेवण झालेलं, सोफा, समोर मालिका. हनुवटी छातीला टेकते, कुणीतरी म्हणतं, अहो, आत जाऊन झोपा ना. माणूस उठून आत जातो, आडवा होतो, आणि टक्क जागा. सोफ्यावर आली तीच झोप गादीवर पळाली, यावरूनच कळतं की बिघाड झोपेत नाही, गादीशी जुळलेल्या सवयीत आहे. शिवाय सोफ्यावरच्या वीस मिनिटांत दिवसभर जमवलेला दाब खर्च झाला तो वेगळाच. म्हणून नऊ ते साडेबारा या वेळेला उभ्याने करायची कामं लावून द्यावी लागतात: इस्त्री, ओटा आवरणं, उद्याचे डबे काढणं, सोसायटीत एक फेरी. शेवटचा तास मंद उजेडात, बसून, पण पाठ न टेकता. घरातल्यांना आधीच सांगून ठेवावं की झोपा म्हणायचं नाही, उलट डुलकी लागली तर हलवायचं. हे काम लहान मुलं फार मनापासून करतात.

मुंबईकरांची गळती दुसरीकडे असते. संध्याकाळी सव्वासातची कर्जत किंवा कसारा लोकल, खिडकीशी जागा, आणि ठाण्यापासून पुढे पाऊण तास गाढ झोप. वहीत हे लिहिलेलं नसतं, कारण ती झोप आहे असं त्यांना वाटतच नाही. रात्री अकराला झोप का येत नाही, याचं निम्मं उत्तर त्या खिडकीशी असतं. उपाय रुक्ष आहे: सहा आठवडे उभ्याने प्रवास, नाहीतर सोबत गप्पिष्ट माणूस. पुणेकरांची वामकुक्षी त्यामानाने सोपी. एक ते चार दुकान बंद ठेवा, पण झोपू नका. अगदीच डोळे मिटायला लागले आणि गाडी चालवायची असेल, तर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटं, खुर्चीत, गजर लावून.

खिडकीच्या आत गादीवर गेल्यावर नियम बूटझिनचे. झोप येत नाहीये, मन फिरायला लागलं, अंदाजे पंधरा-वीस मिनिटं गेली असं वाटलं, की उठायचं. घड्याळ बघून नाही. कूस बदलताना पहिल्यांदा वैताग आला ती वेळ समजायची. बाहेर झिरोच्या दिव्यात बसायचं. हातात काय घ्यावं? मन रमेल पण गुंतणार नाही असं काहीतरी. आधी वाचून झालेला जुना दिवाळी अंक उत्तम. मोबाइल, हिशोबाची वही, उद्याची भाजी चिरून ठेवणं, यातलं काही नको, आणि खाणं तर नकोच. रोज दोनला चिवड्याचा डबा उघडला की पोटही दोनला जागं व्हायला शिकतं. डोळे जड होऊन शब्द दोनदा वाचावा लागला की परत गादीवर. पुन्हा झोप नाही आली तर पुन्हा उठायचं. पहिल्या काही रात्री तीन-चार फेऱ्या होतात.

पण उठून जायचं कुठे? वन रूम किचनमध्ये पाच माणसं झोपलेली असताना हा प्रश्न खरा आहे, आणि परदेशी पुस्तिकांत त्याचं उत्तर नसतं. आमचा तोडगा: स्वयंपाकघराच्या दाराशी एक चटई आणि उशी भिंतीला टेकवून दिवसाच घालून ठेवायची. तीही जागा नसेल तर गादीवरच उठून उलट्या दिशेला तोंड करून, भिंतीला पाठ लावून बसायचं. आडवं असणं आणि जागं असणं यांची फारकत झाली म्हणजे झालं. खरं तर आपल्या जुन्या घरांत हे आपोआप होत असे. रात्री गाद्या घालायच्या, सकाळी वळकट्या करून कोपऱ्यात. दिवसा अंथरूण नावाची गोष्टच नसे. डबलबेड आला आणि त्यावर अभ्यास, लॅपटॉप, कपड्यांच्या घड्या, फोनवरच्या गप्पा, सगळं सुरू झालं. बेड दुमडता येत नाही, पण दिवसा पलंगपोस घालून तो साडेबारालाच काढायचा, हे करता येतं. दिसायला क्षुल्लक गोष्ट, पण चांगली लागू पडते.

चहाची घासाघीस प्रत्येकाशी होते. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना बरेच जास्त. सहाच्या चहातलं निम्मं रात्री अकरालाही रक्तात असतं. चारचा चहा बंद करा म्हटलं तर लोक उपचार बंद करतात. म्हणून तो तीनवर आणायचा आणि अर्धा कप करायचा. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते, त्यामुळे खिडकीच्या आठवड्यांत ती वहीची सगळी गणितं बिघडवते.

दर आठवड्याला सरासरी काढायची. कार्यक्षमता ८५ किंवा वर गेली तर झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे. ८० ते ८५ मध्ये असेल तर तीच खिडकी आणखी एक आठवडा. ८० च्या खाली असेल तर पंधरा मिनिटं कापायची, पाच तासांच्या तळापर्यंत. वरच्या उदाहरणातली वही साधारण अशी पुढे सरकते. खिडकीचा पहिला आठवडा: ३३० पैकी २७५ मिनिटं झोप, ८३ टक्के, बदल नाही. दुसरा: ३००, म्हणजे ९१ टक्के, झोपायची वेळ १२:१५. तिसऱ्यात ३४५ पैकी ३१५, पुन्हा ९१. वेळ १२ वाजता. चौथ्यात ३६० पैकी ३२०, ८९, वेळ ११:४५. पाचव्यात ३७५ पैकी ३३५, ८९, वेळ ११:३०. सहाव्यात ३९० पैकी ३५०, म्हणजे ९०.

हे आकडे मुद्दाम सुबक न करता दिले आहेत, कारण यात एक गोष्ट आहे जी आधी सांगितली नाही तर माणूस फसवल्यासारखा होतो. सहा आठवड्यांनंतर एकूण झोप वाढली फक्त अर्ध्या तासाने. गादीवरचं जागरण मात्र १९० मिनिटांवरून ४० वर आलं. लोक येऊन सांगतात ते वेगळ्याच भाषेत: "रात्र छोटी झाली." झोप एकसंध लागते, साखरझोपेत गजर होतो, तो बंद करावासा वाटतो. पुढच्या दोन-तीन महिन्यांत खिडकी हळूहळू सात तासांकडे नेता येते. मोठ्या माणसाला रोज सात किंवा जास्त तास हवेत ही शिफारस खरीच आहे, पण ती निरोगी झोपणाऱ्याने रात्री मोबाइल ठेवून द्यावा म्हणून आहे. निद्रानाशाचा माणूस ती वाचून आठला अंथरुणात शिरतो.

डोक्यातल्या चक्राचं काम तिसऱ्या आठवड्यापासून. संध्याकाळी सातच्या सुमारास वीस मिनिटं, एका पानावर दोन रकाने: काय छळतंय, आणि उद्या त्यातलं एक पाऊल कोणतं. "आईचा एमआरआय" याच्यासमोर "सकाळी दहाला सेंटरला फोन". ज्याला पाऊलच नाही तिथे रेघ मारून ठेवायची. रात्री तोच विषय आला की तो लिहून झालाय, एवढं मनाशी म्हणता येतं. झोप लागावी म्हणून आटापिटा करणाऱ्यांसाठी एक उलटा डाव आहे: अंधारात डोळे उघडे ठेवून, शांत पडून, जागंच राहायचा प्रयत्न करायचा. हसू येतं, पण धडपड थांबते. शवासन, योगनिद्रा, एडमंड जेकबसन यांची स्नायू आवळून सैल सोडण्याची पद्धत, यातलं जे आवडेल ते एक. मात्र सराव दिवसा. रात्री दोनला पहिल्यांदा करून बघितलं तर ती आणखी एक परीक्षा होते.

घरगुती उपायांना आमचा विरोध नाही. निजण्याआधी तळपायांना तेल लावून काशाची वाटी घासली की पाय ऊबदार होतात, त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगातली उष्णता बाहेर पडते, आणि झोप लागायला शरीराला तेच हवं असतं. एप्रिल-मेमध्ये कोमट पाण्याची आंघोळ झोपेआधी तास-दीड तास, तीही याच कारणासाठी. जायफळ दुधात चिमूटभर, त्यापुढे नाही. श्रीखंडानंतर येणाऱ्या झोपेचं श्रेय त्याला देतात, त्यात पुऱ्यांचाही वाटा असावा. पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक अख्खं जायफळ पोटात गेलं तर मळमळ, धडधड, भ्रम असा प्रकार होऊ शकतो.

गोळ्यांचा विषय शेवटी, कारण तो घाईचा नाही. अर्धी अल्प्राझोलाम वर्षानुवर्षं घेणारे खूप. ती एकदम बंद केली की दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, हात थरथरतात, आणि मोठ्या डोसवर असलेल्याला फिटसुद्धा येऊ शकते. माणूस समजतो की गोळीशिवाय झोप नाहीच. प्रत्यक्षात ती गोळी सुटण्याची प्रतिक्रिया असते. खिडकी स्थिरावल्यावर, ज्यांनी गोळी लिहून दिली त्या डॉक्टरांच्या देखरेखीत, डोस साधारण दहा ते पंचवीस टक्क्यांनी कमी करत जायचा, दर पायरीला दोन आठवडे, आणि शेवटच्या पायऱ्या सर्वांत छोट्या. क्लोनाझेपाम ही याच जातीची गोळी शरीरातून निम्मी व्हायलाच तीस-चाळीस तास लागतात. सत्तरीच्या आजी पहाटे बाथरूमला जाताना पडतात त्यामागे कधी कधी ती असते. आणि सर्दीची गोळी झोपेसाठी घेणं हा उपाय नव्हे. तोंड कोरडं पडतं, सकाळी डोकं जड राहतं, आणि रोज घेतली की काही दिवसांत तिचा तेवढा परिणामही उरत नाही.

उपचार संपल्यावर वाईट रात्री येतातच. गणपतीत मांडवाचा स्पीकर, नात जन्मल्याची गडबड, भावाचं आजारपण. एक-दोन रात्री गेल्या तर काही करायचं नाही; सहाला उठायचं आणि दुपारी आडवं व्हायचं नाही, बस्स. सलग दोन आठवडे बिघडले तर वही पुन्हा काढायची, सात रात्री लिहायच्या आणि नव्या सरासरीवर खिडकी लावायची. म्हणून पहिली वही फेकू नका असं सांगतो. सोबत झिरोचा दिवा आणि तो दिवाळी अंक एकाच पिशवीत ठेवलेला बरा. अडीच वाजता शोधाशोध करायला लागली की झोप पुरती उडते.